झाकण निघत नव्हतं तो गुरुवार

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा मला सगळ्यात नवल वाटलं ते गुरुवारचं. बाकीच्या जगाला रविवारी सुट्टी आणि आमच्या कॉलनीतल्या माणसांना गुरुवारी. माहेरी साताऱ्याला सांगितलं की लोक विचारायचे, दत्ताचं काही आहे का? दत्ताचं काही नव्हतं. सगळ्या कारखान्यांनी एकदम वीज ओढू नये म्हणून ज्या त्या भागाला सुट्टीचा वेगवेगळा वार वाटून दिला होता, असं मला ह्यांनी समजावून सांगितलं. हे म्हणजे माझा नवरा. तेव्हा नवऱ्याला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, आणि आता पद्धत आली आहे तर मला सवय नाही.

हे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. तिथे मशीनांना लागणारे साचे आणि अवजारं तयार करायचे. केसाच्या जाडीचा फरक ह्यांच्या बोटाला कळायचा. मी डी.एड. झालेली, पण नोकरी नव्हती. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे सकाळचं काम दहा वाजता संपायचं आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि चार भिंती. हे घरी आले की चहाचा कप हातात देतानाच मी विचारायची, आज काय केलंत? ह्यांनी सांगितलं की विचारायची, पण असं का? मग हे शहाबादी फरशीवर खडूनं आकृती काढायचे. साच्यातून पत्रा कसा वळतो, पोलादाला पाणी कसं देतात, सगळं मी त्या फरशीवर शिकले. मला यंत्राचं वेड होतं असं नाही. झाकलेलं काही दिसलं की आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. लहानपणी शिवणयंत्र उघडून ठेवलं म्हणून आईच्या हातचा मार खाल्ला होता, तरी खोड गेली नाही.

आमची स्कूटर जुनी, दुसऱ्याच्या हातची. नवीनसाठी नंबर लावून वर्षं लोटली होती आणि तो नंबर आमच्या हयातीत लागेल अशी कुणाला खात्री नव्हती. हे तिला फार जपायचे. खंडेनवमीला कारखान्यात मशीनं धुऊनपुसून, रंगवून त्यांची पूजा होते, तशी हे स्कूटरचीही करायचे. हार, हळदकुंकू सगळेच घालतात. ह्यांनी पुढची पायरी गाठली होती. मशीनला लावतात तो हिरवट राखी रंग डबीभर आणून हे स्कूटरच्या इंजिनालाही एक हात द्यायचे, दरवर्षी. जुना रंग खरवडायचा नाही, त्याच्यावरच नवा. मी एकदा म्हटलं, इंजिन कोण बघतंय? तर म्हणाले, खंडेनवमीला मशीन रंगवायचं असतं. हा विषय त्यांच्या दृष्टीनं तिथे संपला.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. मला प्राथमिक शिक्षिकेच्या नेमणुकीचा कागद आला. चाकणच्या पुढे आत चार-पाच मैलांवरचं गाव. शाळेला खोल्या दोनच, म्हणून वर्ग दोन पाळ्यांत भरायचे, आणि मला सकाळची पाळी मिळाली होती, साडेसातची. कागदात स्पष्ट लिहिलं होतं की शुक्रवारी सकाळी शाळेच्या वेळेत हजर झाला नाहीत तर नेमणूक रद्द समजून यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावण्यात येईल. कागद टपालात रेंगाळत आला तो सोमवारी. त्या गावाला पहिली एस.टी. नऊला पोचायची. म्हणजे आमची स्कूटर हाच काय तो मार्ग. ह्यांनी हिशेब केला: साडेसहाला निघायचं, सव्वासातला मला सोडायचं, उलट पावली परत फिरून साडेआठला कारखान्यात. दुपारी मी एस.टी.नं येईन. हिशेब करताना हे हसत होते, मला चांगलं आठवतं. मी तर चार वर्षं त्या कागदाची वाट बघत होते. रात्री तो उशाखाली घेऊन झोपायची, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

बुधवारी संध्याकाळी रस्ता बघून येऊ म्हणून आम्ही निघालो. मोशीच्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं. आवाज विमानाचा आणि वेग म्हशीचा. हे म्हणाले, क्लचच्या प्लेटा गेल्या. मी मागं बसून विचारलं, म्हणजे काय? म्हणजे इंजिन फिरतं पण चाकाला त्याची ओढ पोचत नाही, मधल्या प्लेटा घसरतात. कसेबसे परत आलो. पिंपरीतल्या दुकानातून ह्यांनी नव्या प्लेटा घेतल्या आणि सोबत पॅकिंग, म्हणजे झाकण आणि इंजिन यांच्या फटीतून तेल गळू नये म्हणून मधे बसवायचा जाड कागद. नेहमीचे गॅरेजवाले चाचा उरुसाला गावी गेले होते. तसेही हे गॅरेजला गेले नसते. टूलरूमचा फिटर क्लच बदलायला दुसऱ्याकडे गेला, हे कॉलनीत ऐकून घ्यावं लागलं असतं. उद्या गुरुवारच आहे, दोन तासांचं काम, असं म्हणून हे झोपले.

सकाळी मी दूध तापवून बाहेर आले तेव्हा अंगणात सगळी तयारी झालेली. पेट्रोल डब्यात काढलेलं, तेल जुन्या परातीत, मागचं चाक भिंतीला टेकवलेलं, आणि स्कूटर गोणपाटावर आडवी, झाकण वर येईल अशी. हे उकिडवे बसून बोल्ट काढत होते. काढलेला प्रत्येक बोल्ट बशीत. पाच बोल्ट निघाले. हे म्हणाले, आता झाकण सुटायला पाहिजे.

ते काही सुटेना.

ह्यांनी लाकडी हातोडीनं कडेनं टकटक केलं. पुन्हा केलं. मी विचारलं, पण असं का? पॅकिंग जुनं झालं की धरून बसतं, हे म्हणाले. एवढंच. खडू नाही, आकृती नाही. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण माणूस कामात आहे म्हणून मी गप्प बसले.

गुरुवारी आमच्या कॉलनीत कुणी हातोडी आपटली आणि लोक जमले नाहीत असं होत नसे. आधी शेजारचे आले, ते फाउंड्रीत, धातूच्या ओतकामावर होते, मूळचे लातूरकडचे. त्यांनी झाकणाला हात लावून सांगितलं की लोखंड असो की ॲल्युमिनियम, ऊब दिली की ढिलं पडतंच. वहिनी, स्टो आणा. हे म्हणाले, पेट्रोल आहे जवळ, स्टो नको. मग समोरचे आले, प्रेसशॉपवाले. ते भोसरीचे, तिथल्या जुन्या घरातले. त्यांचा स्टोवर विश्वास नव्हता. "राव, आमी दिवसभर हेच करतो, ह्याला एक सणसणीत दणका पायजे, दुसरं काय न्हाई," म्हणून ते घरून घण आणायला निघाले तेव्हा त्यांना हाताला धरून बसवावं लागलं. तिसरे आले ते पेंटशॉपचे. त्यांनी न बोलता खिशातून थिनरची बाटली काढली, कडेनं सोडली आणि म्हणाले, अर्धा तास भिजू द्या. ज्याचं जे खातं त्याचं तेच औषध. मला हसू येत होतं. इन्स्पेक्शनमधले एक असते तर त्यांनी झाकण मोजून नापास केलं असतं आणि घरी गेले असते.

अर्धा तास झाला, एक तास झाला. मी तीनदा चहा केला. कुणीतरी म्हणालं, फटीत मोठा स्क्रू ड्रायव्हर घालून उचका. त्यावर हे एकदम कडाडले, फटीत काही घालायचं नाही, घासून बसवलेली पृष्ठं आहेत, ओरखडा पडला की जन्मभर तेल गळेल. मशीनला इजा होऊ द्यायची नाही हे त्यांचं नेहमीचं. पण बाकी सगळं नेहमीचं नव्हतं. हे टकटक करत होते खरे, पण ज्या एका जागी सुरू केलं तिथेच. एरवी हे एखाद्या कामाला लागले की जेवायला हाक मारलेली ऐकू यायची नाही. त्या दिवशी मी 'पान वाढलंय' म्हटल्याबरोबर उठले.

जेवताना हे म्हणाले, "नाही निघायचं आज. तू त्या शाळेला तार करून बघ, सोमवारी येते म्हणून."

आता दुपारी केलेली तार त्या गावाला सकाळपर्यंत पोचायची कशी आणि ती तिथे कुणी वाचायची. बोलले असते तर रडले असते आणि रडायचं नव्हतं, म्हणून मी उठून खरकटं काढायला लागले. शेजारी आपापल्या घरी जाऊन झोपले. हेही आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी अंगणात जाऊन स्कूटरजवळ बसले. आता खरं सांगते, दुःख होतंच, पण त्याच्या जोडीला मला त्या झाकणाचं कुतूहल छळत होतं. एवढ्या माणसांना दाद देत नाही, तर त्याला धरलंय तरी कशानं? जुन्या कागदानं? एका कागदाची एवढी ताकद असेल तर पोस्टाची पाकिटं आपण फोडतो कशी? मी झाकणावरून हात फिरवला. कडेनं पाच भोकं, बोल्ट काढलेली. भोकाभोकांमधली चार अंतरं साधारण सारखी, आणि एका बाजूला मात्र मोकळी जागा जास्त. पदराचा काठ लावून मोजलं. तिथे दुप्पट अंतर होतं. इतक्या हुशार माणसांनी बनवलेलं यंत्र, आणि एका बाजूला दुप्पट जागा मोकळी का सोडली असेल?

मग मला पॅकिंगचा कागद आठवला. ब्लाउज बेतताना कागदाचा बेत कापडावर पसरून बघतात, तसा हा कागद झाकणावर ठेवून बघावा म्हटलं. नव्या प्लेटांच्या खोक्यात तो पातळ पिशवीत होता. काढून पसरला. त्याला एका बाजूला कान होता, त्यामुळे तो एकाच रीतीनं बसत होता. बसवला आणि भोकं मोजली. सहा. पाच भोकांखाली पाच भोकं बरोबर आली. सहाव्याखाली नुसता हिरवट राखी रंग.

मी वाकून बघितलं. रंगावर नख मारलं. मऊ होता, पेंटशॉपवाल्यांच्या थिनरनं सुटत आलेला. अंबाड्यातला आकडा काढला आणि टोकरायला लागले. हिरवा थर, त्याखाली जरा फिक्का हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवा, मग वंगणात भिजून दगड झालेली माती. जेवढ्या खंडेनवम्या तेवढे थर. त्या सगळ्याच्या तळाशी, एका खोलगट जागेत, बोल्टाचं डोकं बसलेलं होतं. इतकी माणसं सकाळपासून एका घट्ट आवळलेल्या बोल्टाशी मारामारी करत होती.

बाकी बोल्टांना लागला तोच पाना लावला. हलेना. उभी राहिले, पान्यावर पाय ठेवला आणि अंगाचा भार दिला. कट्ट असा आवाज झाला. मला वाटलं मोडला. पण तो सुटला होता. पुढे बोटांनीच फिरवून काढला, आणि मग झाकण मी दोन्ही हातांनी उचललं, अगदी डब्याचं उचलावं तसं.

आत काय होतं ते मला अजून दिसतं. तेलानं तुकतुकीत झालेली पोलादी वाटी, तिच्या पोटात एकावर एक बसवलेल्या प्लेटा, कडेला दाते असलेलं मोठं चाक. आणि प्लेटांच्या कडा करपून काळ्या झालेल्या. काल चढावर इंजिन ओरडत होतं ते इथे, या काळ्या कडांमध्ये. फरशीवर खडूनं काढलेलं मी इतकं बघितलं होतं, पण इंजिन उघडून आत बघण्याची ही पहिली वेळ. मी हरखून गेले. हाक मारून ह्यांना उठवायला तोंड उघडलं, आणि पॅकिंगचा कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून आधी तो उचलला.

कागदावर एक काळा ठसा होता. अंगठ्याचा, वंगणाचा. माझा नव्हता, माझा अंगठा त्याच्यात दोनदा बसला असता. तो ठसा सहाव्या भोकाच्या बरोबर शेजारी होता.

मी मान वर केली तर हे दारात उभे. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"हा अंगठा तुमचा?" मी विचारलं.

"हो."

"कधीचा?"

"सकाळचा. तू दूध तापवत होतीस तेव्हा."

"म्हणजे बोल्ट कळला होता."

हे दारातून अंगणात उतरले. मग म्हणाले, "कळला होता."

मला इतका राग आला की डोळ्यांसमोर काही दिसेना. चार वर्षं वाट पाहिलेला कागद, सकाळपासून गिळलेले हुंदके, तीन तीनदा केलेला चहा, आणि हा माणूस मुकाट्यानं झाकणाच्या भलत्या बाजूला टकटक करत होता. मी हातातला पाना फेकला. ह्यांच्या दिशेनं नाही, पण फेकला. म्हटलं, नको होती नोकरी तर तोंडानं सांगायचं होतं. मी भांडले असते, पण निदान कुणाशी भांडतेय ते कळलं असतं.

हे खाली बसले, पाना उचलून पुसला. मग स्कूटरकडे बघत म्हणाले, "तू रोज विचारतेस, आज काय केलं. दिवसभर मी ते साठवून ठेवतो, तुला काय काय सांगायचं ते. उद्यापासून तुझ्याकडेच सांगायला पुष्कळ असेल. माझं कोण विचारणार?" आणि पाना बाजूला ठेवत, "निघणार नाही असं ठरवलं नव्हतं मी. नुसता तो बोल्ट सांगायचं जिभेवर येईना."

असलं काही हे आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते. माझा राग काही लगेच उतरला नाही, उगाच खोटं कशाला सांगू. प्लेटा बसवताना मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. धरा, द्या, पुसा. पण हातानं मीच सगळं केलं आणि हे शेजारी बसून दाखवत राहिले: कोणती प्लेट आधी, बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचे म्हणजे झाकण वाकडं बसत नाही. सहाव्या बोल्टाची जागा त्यांनी स्वतः कापडानं लख्ख पुसली. दिवस मावळायच्या आत स्कूटर उभी राहिली आणि चालू झाली. प्रेसशॉपवाले बाहेर येऊन म्हणाले, शेवटी दणकाच द्यावा लागला ना? आम्ही दोघंही हो म्हणालो.

शुक्रवारी सव्वासातला मी शाळेच्या फाटकात होते. मोशीचा चढ स्कूटर हुं की चूं न करता चढली होती. मी उतरले, पिशवी घेतली, 'येते' एवढंच म्हटलं आणि मागं न बघता आत गेले. अढी अजून होतीच. हेडमास्तरांनी कागद बघितला, मस्टरवर सही घेतली आणि लगेच तिसरीचा वर्ग हातात दिला. प्रार्थना झाली. पहिल्याच दिवशी काय शिकवावं सुचेना, म्हणून मुलांना पाढे म्हणायला लावले, सगळ्यांना एकदम, खणखणीत आवाजात.

संध्याकाळी हे घरी यायच्या आधी शेजारचे फाउंड्रीवाले दारात आले. काळजीनं विचारत होते, वहिनी, साहेबांचं सकाळी काही झालं का? मी विचारलं, काय व्हायचंय? तर म्हणाले, आज त्यांच्या कार्डावर लाल शिक्का पडला. कारखान्यात हजेरीचं कार्ड घड्याळाच्या यंत्रात घालायचं असतं, वेळेत असेल तर निळे आकडे उमटतात, उशीर झाला तर लाल. आठ वर्षांच्या नोकरीत ह्यांच्या कार्डावर एकदाही लाल आकडा पडला नव्हता. सगळ्या खात्यात त्याचीच चर्चा होती म्हणे.

हे आले. बूट काढले, हातपाय धुतले. मी चहा पुढ्यात ठेवला आणि विचारलं, स्कूटर पुन्हा बिघडली का?

"नाही. उत्तम चालली."

"मग उशीर कशानं झाला?"

ह्यांनी कप उचलला, परत खाली ठेवला. "फाटकाबाहेर उभा होतो. तुझा वर्ग रस्त्याच्या बाजूलाच आहे. ऐकू येत होतं."

मी समोर बसले. विचारलं, "कुठवर ऐकलंत?"

"तेराच्या पाढ्यापर्यंत," हे म्हणाले. "मग निघालो."